ता. क. मुहोरो म्हणतो

टपाल बुधवारी निघायचं. त्यामुळे मंगळवार उजाडला की सुबुकियाच्या खोऱ्यातला एकही गोरा शेतकरी शेतात दिसायचा नाही. मक्यावर टोळ उतरोत, गोठ्यात गाय अडो, साहेब आपले टेबलाशी. लंडनला पत्रं लिहायची असत! कुणी खासदाराला लिही, कुणी निवृत्त गव्हर्नराला, कुणी बायकोच्या लांबच्या मामाला, जो म्हणे एकदा मंत्र्याच्या शेजारी बसून जेवला होता. ज्याची कुणाशीच ओळख नव्हती तो वर्तमानपत्राच्या संपादकाला लिही. मागणी सगळ्यांची एकच. केनिया, युगांडा आणि टांगानिका या तिन्ही मुलखांचं मिळून एक राज्य करा आणि त्याचा लगाम आमच्या हाती द्या. का, तर या जमिनीत पहिला नांगर आम्ही घातला. पहिला म्हणजे काय, तर आधीची माणसं कुदळीने खणत होती, एवढंच.

पॅलिस्टरांच्या घरचं पत्र मात्र थेट लॉर्ड थॉर्नबींना जायचं. हे थॉर्नबी म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. वसाहतींचा विषय निघाला की लॉर्डांच्या सभागृहात सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळत. आणि आयव्हर पॅलिस्टर शाळेत असताना त्यांचे बूट पुसायचा, त्यांना पाव भाजून द्यायचा. त्या शाळांची रीतच तशी, धाकट्याने थोरल्याची चाकरी करायची. दुसऱ्या एखाद्याने ही गोष्ट लपवली असती. आयव्हर ती क्लबात छाती काढून सांगायचा.

फक्त लिहायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. 'हवा छान आहे' याच्या पुढे त्याची लेखणी सरकतच नसे. म्हणून पत्र लिहायची त्याची बायको, हेस्टर. आयव्हर खाली सही ठोकायचा. संघाचे ठराव, मक्याचे भाव, सरकारबद्दलच्या तक्रारी, हा सगळा मजकूर शेजारचा मेजर स्टॅनियन पुरवायचा. तो खोऱ्यातल्या शेतकरी संघाचा अध्यक्ष, आणि आवाज असा की त्याला फोनची गरज नव्हती. हेस्टर ते सगळं नीट उतरवून काढायची आणि उतरवता उतरवता तिला स्वतःलाच झोप यायची.

एकदा पत्र संपलं आणि कागदावर थोडी जागा उरली. त्या आठवड्यात आयव्हरने नवा ट्रॅक्टर आणला होता. त्यांचा गुरांचा मुकादम मुहोरो, किकुयु जमातीचा म्हातारा, त्याच्याभोवती फिरून म्हणाला होता, "शेण देत नाही, वासरू देत नाही, आणि बसला की उठत नाही. ब्वानांनी याच्यात काय बघितलं?" ब्वाना म्हणजे साहेब, अर्थात आयव्हर. हेस्टरने ते बोलणं तळाशी, ताजा कलम म्हणून, लिहून टाकलं.

थॉर्नबींचं उत्तर आलं. ठरावांबद्दल एक ओळ. मग अर्धं पान मुहोरोबद्दल! 'तुझा तो म्हातारा किकुयु म्हणजे रत्न आहे. परवा जेवणाच्या टेबलावर मी त्याचं ट्रॅक्टरचं सांगितलं, तर दोन मंत्री हसून हसून लाल झाले. त्याचं आणखी लिही.'

झालं. त्या दिवसापासून पॅलिस्टरांचं प्रत्येक पत्र एकाच तऱ्हेने संपू लागलं. 'ता. क. मुहोरो म्हणतो...'

आता खरी गोष्ट अशी की मुहोरो बोलका माणूस नव्हता. उंच, वाळका, कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबणाऱ्या, अंगावर घोंगडी आणि हातात काठी. आयव्हर या खोऱ्यात आला तेव्हापासून तो त्यांच्याकडे होता. शेताच्या कडेला त्याच्या झोपड्या, त्याची चार गुरं, वांगेची नावाची बायको, आणि दूर किकुयुंच्या राखीव मुलखात, बापाच्या डोंगरधारेवर, कुळाच्या जमिनीत त्याचा वाटा. त्या वाट्यावर म्हातारपणी परत जायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. बाकी दोन-दोन आठवडे त्याच्या तोंडून "होय मेमसाहेब" आणि "लाल गाय फळली" याशिवाय काही निघत नसे. आणि टपाल तर दर बुधवारी.

मग हेस्टरने काय केलं? आधी त्याच्या बोलण्याला नुसती फोडणी दिली. मग हळूहळू भाजीही तिचीच झाली. मुहोरो पावसाबद्दल बोलू लागला, बायकांबद्दल बोलू लागला, बिशपबद्दल बोलू लागला, आणि सगळं इतकं झकास बोलू लागला की थॉर्नबी त्याच्या म्हणण्याची वाट बघू लागले. यात आपण काही वाईट करतोय असं हेस्टरच्या मनातही आलं नाही. उलट तिला वाटायचं, आपण म्हाताऱ्याला केवढा मान मिळवून दिला! एवढ्या लांब, एवढ्या थोर माणसांच्या पंगतीत त्याचं नाव निघतं! आणि हो, ते शब्द तिचे होते. सही आयव्हरची, नाव मुहोरोचं, पण हसत होते ते तिच्या शब्दांना. हा आनंद तिने कुणालाच सांगितला नव्हता.

एकोणीसशे तीस सालच्या थंडीत थॉर्नबींनी विचारलं, 'इथे विरोधक म्हणतात की काळ्या प्रजेला तुमचं राज्य नको आहे. मुहोरो काय म्हणतो?'

हेस्टरने लेखणी चावली. मुहोरोला जाऊन विचारावं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कधीच येत नसे. तिने लिहिलं, 'ता. क. मुहोरो म्हणतो, आमचा चीफ किरागू कराच्या नावाखाली बोकड घेतो आणि सरकारला शेपूट देतो. नैरोबीतली शिकलेली पोरं जमीन परत द्या म्हणून ओरडतात, ती पोरं आमची नव्हेत. जमीन ब्वानांकडेच बरी. ब्वाना निदान दूध मोजून घेतो.'

वाचून ती स्वतःशीच हसली. शेवटचं वाक्य तर तिला फारच आवडलं.

पुढे एका सकाळी मेजर स्टॅनियनची मोटार भोंगा वाजवत अंगणात शिरली. मेजरच्या हातात नैरोबीचं वर्तमानपत्र होतं आणि ते तो झेंड्यासारखं नाचवत होता.

"आयव्हर! हेस्टर! बाहेर या! अरे, तुमचा गुराखी लॉर्डांच्या सभागृहात बोलला!"

"कोण बोलला?" आयव्हर दाढीचा फेस तसाच घेऊन बाहेर आला.

"मुहोरो! थॉर्नबींनी उभं राहून वाचून दाखवलं. ऐक. 'सुबुकिया खोऱ्यातल्या पॅलिस्टर यांच्या शेतावरचा मुहोरो नावाचा वृद्ध किकुयु म्हणतो...' सगळंच्या सगळं छापलंय. किरागू, बोकड, शेपूट! विरोधकांची तोंडं बघण्यासारखी झाली असतील. आमच्या इतक्या वर्षांच्या ठरावांनी जे झालं नाही ते या म्हाताऱ्याने एका बोकडात केलं!"

"व्हिस्की काढ, हेस्टर," आयव्हर म्हणाला.

"सकाळी?"

"अगं, सकाळीच तर मजा आहे!"

हेस्टरने वर्तमानपत्र घेतलं. आपलं वाक्य छापलेलं, तेही लंडनच्या भाषणात! क्षणभर तिला गुदगुल्या झाल्या. मग तिची नजर पुन्हा मुहोरोच्या नावावर गेली, त्यापुढे खोऱ्याचं नाव, शेताचं नाव, किरागूचं नाव. छापल्यावर ते वेगळंच दिसत होतं. तिने पेपर घडी करून खुर्चीत ठेवला आणि त्यावर बसली.

"विरोधकांनी पुरावा मागितला होता," मेजर म्हणाला. "पण थॉर्नबींनी तुझ्या नवऱ्याची तार पुढे केली आणि प्रश्न मिटला. शाबास, पठ्ठ्या!"

"म्हणजे?" हेस्टरने विचारलं.

"थॉर्नबींची तार आली होती, गेल्या आठवड्यात," आयव्हर ग्लास भरत म्हणाला. "भाषणाआधी खात्री दे म्हणून. मी नाकुरूहून उलट तार ठोकली. 'माझ्या कानांनी ऐकलं. शब्दन् शब्द खरा.' आणि तसं लिहून, सही करून पाठवलंही."

"मला सांगितलं नाहीस ते?"

"तुला काय सांगायचं? तुझ्याच पत्रातलं होतं ना?"

हेस्टर काहीच बोलली नाही. बोलायची वेळ तीच होती, हे तिला नंतर हजार वेळा वाटलं. पण मेजर हसत होता, ग्लास पुढे आला होता, आणि ती हसली.

किकुयुंच्या मुलखात वर्तमानपत्र कोण वाचणार, अशी खोऱ्यातल्या गोऱ्यांची पक्की समजूत. मिशनच्या शाळा त्यांनीच वर्गणी देऊन बांधलेल्या, पण त्या शाळांत पोरं वाचायला शिकतात हे यांच्या लक्षातच राहत नसे. तिथल्या पोरांनी ते भाषण वाचलं, आपल्या भाषेत केलं आणि डोंगरधारेवरच्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने ऐकवलं. मुहोरोला बोलावणं आलं. तो रजा मागून गेला, आणि परत आला तो आधी घरी न जाता थेट व्हरांड्याच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ होती.

"मेमसाहेब, एक विचारू?"

हेस्टर वाटाणे सोलत होती. "विचार ना."

"मी तुमच्यापाशी किरागूबद्दल काय बोललो होतो?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "का रे?"

"ते म्हणतात, मी बोललो ते इंग्रजांच्या मोठ्या बैठकीत वाचलं गेलं. पोराने कागद वाचून दाखवला. बोकडाचं मला आठवतं. किरागूच्या माणसाने माझ्या भावजयीचा बोकड ओढून नेला, ते मी तुम्हाला सांगितलं होतं. धार काढताना. हो ना?"

"हो. ते सांगितलं होतंस."

"तेवढं आठवतं." मुहोरोने काठी या हातातून त्या हातात घेतली. "पण जमिनीचं आठवत नाही. जमीन ब्वानांकडेच बरी, असं मी कधी बोललो? मी वाटभर आठवत आलो. नाही आठवत."

हेस्टरला वाटलं, तो रागावून आला असता, तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला कसं गप्प करायचं हे मेमसाहेबांना चांगलं येतं. पण हा तर हरवलेली वस्तू विचारावी तसा विचारत होता.

"मग... तू त्यांना काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मला आठवत नाही म्हणालो. ते म्हणाले, मग बोकडाची शपथ घे."

"ती कसली?"

"बोकड मधे ठेवतात. दगडाने त्याची हाडं मोडायची आणि म्हणायचं, मी हे बोललो असेन तर माझी आणि माझ्या पोराबाळांची हाडं अशीच मोडोत. ती शपथ साधी नसते, मेमसाहेब. खोटी घेतली तर सात हंगामांत घर रिकामं होतं. मी बघितलंय. माझ्या चुलत्याचं झालं." तो थांबला. "मी बोललो नसेन तर आत्ता घेतो शपथ, मला काय भीती? पण बोललो असेन आणि विसरलो असेन तर? नातवंडं आहेत माझी. परवा काठी हातात धरून मी काठी शोधत होतो. वांगेची हसली."

"आणि शपथ नाही घेतली तर?"

"तर मी बोललो असं ठरणार. दंड. गुरं द्यायची, आणि बापाच्या जमिनीतला वाटा जाणार. ते म्हणतात, ज्याला जमीन गोऱ्यांकडे बरी वाटते, त्याला जमीन हवी कशाला? त्यांचंही बरोबर आहे."

वाटाण्याचं भांडं मांडीवरून खाली ठेवायला हेस्टरला फार वेळ लागला.

"म्हणून तुमच्याकडे आलो," मुहोरो म्हणाला. "तुम्ही लिहून ठेवता. लिहिलेलं विसरत नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा. तुम्ही जे सांगाल ते मी त्यांना सांगेन."

"मी... बघून सांगते," हेस्टर म्हणाली. "उद्या सांगते."

"बरं." तो वळला, पुन्हा थांबला. "लाल गाईचं वासरू पितंय ना नीट?"

"पितंय."

आयव्हर जेवायला बसेपर्यंत तिने दम धरला. मटणाची पहिली फोड त्याच्या तोंडात गेली आणि तिने सांगून टाकलं. "ते मुहोरो बोललाच नव्हता. मी लिहिलं. माझ्या मनाने."

आयव्हर हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू मावळलं. "कोणतं?"

"सगळंच. ट्रॅक्टरचं तेवढं खरं होतं."

"सगळं? बिशपचं पण?"

"बिशपचं पण."

"ते मी क्लबात दहा वेळा सांगितलंय, हेस्टर!" त्याने काटा-सुरी खाली ठेवली. आता कुठे त्याला उमगत गेलं. "आणि मी सही केलीय. माझ्या कानांनी ऐकलं म्हणून."

"मला विचारलं होतंस?"

"बायकोच्या पत्रावर सही करताना नवऱ्याने काय साक्षीदार बोलवायचे?"

"आयव्हर, त्याची जमीन जाईल." तिने शपथेचं सगळं सांगितलं. "उद्या मी त्याला खरं सांगणार. तू बोलला नव्हतास, घे शपथ. संपलं."

"आणि तो तिथे जाऊन सांगणार की मेमसाहेबांनी कबूल केलं. ते किरागूला कळणार. किरागू जिल्ह्याच्या साहेबाला सांगणार. तो नैरोबीला. नैरोबीहून लंडन. थॉर्नबी भर सभागृहात खोटे पडतील! विरोधकांना दुसरं काय हवंय? तिन्ही मुलखांचं राज्य बोंबललं. संघ बोंबलला. आणि स्टॅनियन? तो मला खोऱ्यात तोंड दाखवू देईल?"

"म्हाताऱ्याचं काय?"

"त्याला कमी काय आहे इथे? झोपड्या आहेत, चारा आहे. दंडाची गुरं मी देतो. दुप्पट देतो!"

"इथली जागा आपली आहे. आपण म्हणू तोवरच त्याची. तिथली त्याच्या बापाची आहे."

आयव्हरने खुर्ची मागे सरकवली. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. आणि घाबरलेला माणूस नेमका दुखऱ्या जागी बोट ठेवतो.

"जा, सांग त्याला," तो म्हणाला. "मग बघू तुझी पत्रं कोण वाचतंय."

हेस्टर ताडकन उठून खोलीतून निघून गेली. तिला नवऱ्याचा राग आला होता. पण त्याहून जास्त, त्याने ओळखलं म्हणून लाज वाटली. कारण त्याही गोष्टीचं तिला वाईट वाटत होतं. एका माणसाची बापजाद्यांची जमीन एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात लंडनच्या जेवणावळीतलं हसू, आणि तरी पहिलं पारडं सरळ खाली जात नव्हतं. असली कसली बाई मी, असं तिने उशीत तोंड खुपसून स्वतःला विचारलं. उत्तर सोपं होतं, म्हणून तिने ते दिलं नाही.

सकाळी ती गोठ्याकडे निघाली तेव्हा मात्र तिचं ठरलं होतं. वाक्यसुद्धा ठरलं होतं. 'मुहोरो, ते तू बोलला नव्हतास, मी लिहिलं.' एवढंच. वाटेवर तिने ते तीनदा पुटपुटूनही बघितलं.

मुहोरो वासराला आईपासून ओढत होता. तिला बघून त्याने वासरू सोडलं, हात घोंगडीला पुसले.

"बघितलंत, मेमसाहेब?"

"मुहोरो, ते..."

तो वाट बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काडीचाही संशय नव्हता. ती जे बोलेल ते खरंच असणार, हे त्याने आधीच मानलं होतं. आणि तिला एकदम दिसलं की खरं सांगितलं तर हा चेहरा बदलणार. थॉर्नबी, संघ, आयव्हरची सही, सगळं त्या क्षणी तिच्या डोक्यातून गेलं. उरलं एवढंच की हा माणूस आता माझ्याकडे बघेल आणि त्याला कळेल, मी कोण आहे ते.

"तू बोलला होतास," हेस्टर म्हणाली. "असंच काहीसं."

असंच काहीसं! भित्र्या माणसाला हे दोन शब्द कुठून सुचतात देव जाणे.

मुहोरोने हळूहळू मान हलवली. "बोललो होतो तर."

"तसंच नाही. म्हणजे... तसंच काहीसं."

"बोललो असेन. बोकडाचा राग होता. रागात माणूस काहीही बोलतो." त्याने दीर्घ श्वास सोडला, आणि मग जे म्हणाला ते हेस्टरला मरेपर्यंत पुरणार होतं. "बरं झालं तुम्हाला विचारलं. नाहीतर मी शपथ घेतली असती आणि पोरं गेली असती. तुमचे फार उपकार झाले, मेमसाहेब."

तो वासराकडे वळला. हेस्टर तिथेच उभी राहिली. अजूनही वेळ होती. तो हाकेच्या अंतरावर होता, हाकेच्या काय, हाताच्या अंतरावर होता! पण एकदा उपकार मानून घेतल्यावर तोंड कसं उघडायचं? ती घरी आली आणि अंगण झाडणाऱ्या बाईवर उगाचच खेकसली.

मुहोरो डोंगरधारेवर गेला. वडीलधाऱ्यांपुढे उभं राहून त्याने सांगितलं की मी बोललो होतो, मेमसाहेबांनी लिहून ठेवलंय, मेमसाहेब खोटं लिहीत नाहीत. दंडाची गुरं त्याने दिली. बापाचा वाटा कुळाने काढून घेतला. थोरल्या मुलाने, जो नैरोबीत त्या जमीन मागणाऱ्या पोरांतच होता, निरोप धाडला की मला बाप नाही. हे सगळं हेस्टरला वांगेचीकडून कळलं, आणि वांगेचीने ते पाण्याचा हंडा डोक्यावरून न उतरवता, तिच्याकडे न बघता सांगितलं.

आयव्हरने शब्द पाळला, दोन कालवडी पाठवल्या. मुहोरोने त्या परत आणून आयव्हरच्याच गोठ्यात बांधल्या. "माझ्या तोंडाचा दंड मीच भरायचा असतो, ब्वाना," तो म्हणाला. आयव्हरला फार हायसं वाटलं. चांगल्या जातीच्या कालवडी होत्या.

शेतावरची बाकी किकुयु माणसं मुहोरोशी बोलेनाशी झाली. तो एकटाच गुरांमागे दिसायचा. हेस्टर त्याच्या वाटेवर जायचं टाळू लागली. गोठ्यातला दुधाचा हिशेब तिने आयव्हरवर ढकलला. पत्रात नुसते मेजरचे ठराव जाऊ लागले, तळाशी कोरी जागा.

थॉर्नबींना ते चाललं नाही. त्यांनी लिहिलं, 'मुहोरो गप्प का? पुढच्या महिन्यात संसदेच्या समितीपुढे मला बोलायचंय. तिन्ही मुलखांबद्दल त्याचं एखादं वाक्य मिळालं तर बहार येईल. त्याला जाऊन विचार.'

"विचारून ये ना," आयव्हर म्हणाला. "या वेळी खरंच विचार. मग कुणाला काही बोलायला जागाच नको."

हेस्टर गेली. का गेली? विचारायला नाही. सगळं सांगून टाकायला गेली, असं तिने स्वतःला बजावलं होतं. मुहोरो कुंपणाशी उन्हात बसला होता, तपकीर ओढत. तिला बघून तो उठू लागला.

"बस, बस. मुहोरो, मला तुझ्याशी बोलायचंय. ते तेव्हाचं... लंडनच्या साहेबांचं पत्र आलंय."

"पुन्हा मी काही बोललो का?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही! नाही रे. ते विचारतायत, तू काय म्हणतोस."

मुहोरोने डबी मिटली. तो गुरांकडे बघू लागला. हेस्टरच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं, गोठ्याच्या वाटेवर तीनदा म्हटलेलं. तेवढ्यात तोच बोलला, आणि अगदी अजीजीने बोलला.

"तुम्हीच लिहा, मेमसाहेब. मी काय म्हणतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत असतं. फक्त या वेळी लिहून झालं की मला सांगून ठेवा, मी काय बोललो ते. कुणी विचारलं तर मला ठाऊक असायला हवं. मी विसरतो हल्ली."

"सांगेन," ती म्हणाली. आणि शरमेने मान खाली घालून ती घराकडे वळली.

घरी आयव्हर टेबलाशी कागद काढून बसला होता. "काय म्हणाला म्हातारा?"

हेस्टरने उभ्या उभ्या सांगितलं. जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आयव्हरने मान मागे टाकली आणि तो खदाखदा हसत सुटला. "अगं, हे तर तुझ्या सगळ्यांहून सरस आहे! 'मी काय बोललो ते मला सांगून ठेवा!' थॉर्नबी खुर्चीतून पडेल. असंच्या असं लिही."

"हसू नकोस," हेस्टर म्हणाली. "तो गंमत करत नव्हता, आयव्हर."

"ते लिहिल्यावर कुणाला कळतंय?" आयव्हर डोळे पुसत म्हणाला, आणि त्याने लेखणी तिच्या हातात दिली.